थरच्या गवतात माळढोक : पुण्याहून जैसलमेरला, गाडीने

सोलापूरकडच्या माणसाला माळढोक हा पक्षी कोण ते सांगावं लागत नाही. शहरापासून वीसेक किलोमीटरवर नान्नज, तिथलं अभयारण्य १९७९ सालचं. माझ्या बाबांची नोकरीतली उमेदीची वर्षं उत्तर सोलापूर, मोहोळ, करमाळा याच पट्ट्यात फिरण्यात गेली. त्यांनी माळढोक दुर्बिणीशिवाय पाहिलेला, एस.टी.च्या खिडकीतून पाहिलेला, ज्वारीच्या ताटांतून मान वर काढून चालताना पाहिलेला. माझ्या वाट्याला नान्नजमध्ये काळवीट आले, एकदा लांडगा आला. माळढोक म्हणजे बाबांनी बोट करून दाखवलेला लांबवरचा ठिपका. आता तर तिथे एखादा पक्षी दिसला तरी पेपरात बातमी येते. म्हणून हिवाळ्याच्या सुट्टीत गाडी काढली आणि जिथे तो अजून टिकून आहे तिथे निघालो : राजस्थानातलं वाळवंट राष्ट्रीय उद्यान. बाबा, नवरा, लेक आणि मी. वाटेत कच्छचं छोटं रण लागतं, तेही बघायचं ठरलं.

शुक्रवार : पुणे ते वडोदरा

या दिवसाबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. पहाटे चारला निघून घोडबंदर उजाडता-उजाडता पार केलं. मनोरला नाश्ता, सुरतच्या पुढे जेवण, भरूचला नर्मदा ओलांडताना बाबांनी हात जोडले. साडेपाचशे किलोमीटर झाल्यावर वडोदऱ्यात मुक्काम केला. मुंबईच्या बाजूची गर्दी टाळायची असेल तर पुण्याहून पहाटेच निघा, एवढंच सांगते.

शनिवार : दसाडा आणि छोटं रण

अहमदाबादला वळसा घालून विरमगामचा रस्ता धरला की झाडं हळूहळू बुटकी होत जातात. कापूस, एरंडी, जिऱ्याची शेतं, मग वेडी बाभूळ, आणि मग एकदम काहीच नाही. दुपारी दसाड्याला पोचलो. संध्याकाळच्या फेरीसाठी जीप आधीच ठरवली होती.

छोटं रण ही पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी जमीन. नद्यांचं पाणी आणि कच्छच्या आखातातून आत घुसलेलं समुद्राचं पाणी इथे मिसळतं, चार महिने उथळ दलदल होते, आणि पाणी आटलं की भेगाळलेला, खारट, सपाट तळ उघडा पडतो. अधूनमधून किंचित उंच भाग आहेत, त्यांना इथले लोक बेट म्हणतात. गवत आणि झुडपं उगवतात ती या बेटांवर, आणि रानगाढवांचं सगळं आयुष्य या बेटाहून त्या बेटावर जाण्यात जातं.

रानगाढव, म्हणजे इथलं खूर किंवा घुडखर. गाढव म्हटल्यावर डोळ्यापुढे येतं ते हे नव्हे. मातकट-बदामी अंग, पोट पांढरं, पाठीवरून शेपटीपर्यंत गेलेली गडद रेघ, मानेवर ताठ आयाळ. जीप थांबली तेव्हा कळपातल्या माद्या चरत राहिल्या आणि एक नर पुढे येऊन आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. मग काय वाटलं कोण जाणे, सगळे उधळले. धुळीचा पट्टा आणि त्याच्या पुढे पळणाऱ्या आकृत्या. लेक टाळ्या वाजवायला निघाली, जीपवाल्याने हसून गप्प बसायची खूण केली.

१९६०च्या आसपास रोगराईने ही जनावरं काही शेकड्यांवर आली होती. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जवळपास पाच हजार चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं, आणि २०२४ च्या गणनेत त्यांची संख्या ७,६७२ भरली. जगात हे जनावर मोकळं फक्त याच भागात उरलंय. इतक्या वाईट अवस्थेतून एखादी जात परत येऊ शकते हे इथे डोळ्यांनी पाहिलं, आणि पुढच्या प्रवासात हा आकडा मनात धरून ठेवला.

परतताना अगरियांच्या झोपड्या लागल्या. पावसाळा संपला की ही कुटुंबं मुलाबाळांसह रणात उतरतात, जमिनीखालचं खारं पाणी उपसून वाफ्यांत सोडतात आणि उन्हाळ्यापर्यंत मीठ पिकवतात. पंपासाठी आता पुष्कळ ठिकाणी सौर पट्ट्या दिसतात. डिझेलचा खर्च वाचतो, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. त्यांनी काळा चहा दिला. चहात दूध नव्हतं, कारण दूध आणायचं तर गावापर्यंत जावं लागतं.

रविवार : दसाडा ते बाडमेर

सकाळी पुन्हा थोडा वेळ रणाच्या काठाने फिरलो. पाणथळीवर रोहित पक्षी, करकोच्यांचा आवाज, आणि थंडी बोचरी. मग राधनपूर, थराद, सांचोर अशी उत्तरेकडे चढाई. रस्ता सुरेख आहे. सांचोरनंतर भाषा बदलते, फेट्यांचे रंग बदलतात आणि शेताच्या बांधांवर खेजडी दिसू लागते.

खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला पूजा होते ती. महाराष्ट्रात हे झाड शोधावं लागतं, इथे शेताशेतात आहे आणि दर वर्षी तिची डहाळी छाटून जनावरांना पाला घालतात, शेंगांची सांगरीची भाजी करतात, आणि तिच्या सावलीतलं बाजरीचं पीक अधिक चांगलं येतं म्हणून नांगरताना तिला कोणी धक्का लावत नाही. बिश्नोई समाजाची वस्ती या पट्ट्यात मोठी. १७३० साली जोधपूरजवळ खेजडली गावात राजाच्या माणसांनी ही झाडं तोडायला घेतली तेव्हा अमृतादेवीसह ३६३ बिश्नोईंनी झाडांना मिठ्या मारून जीव दिला. धोरीमन्नाच्या अलीकडे एका शेतात चार चिंकारा रायड्याच्या पिकात उभे होते. शेतकरी शंभर पावलांवर पाणी धरत होता. त्याने त्यांना हाकललं नाही. बाबांनी गाडी थांबवायला लावली आणि बराच वेळ ते दृश्य बघत राहिले.

बाडमेरला पोचायला अंधार झाला. जेवणात बाजरीचा सोगरा, कढी आणि केर-सांगरी होती. चवीला आंबूस-तुरट, पहिल्या घासाला अनोळखी आणि तिसऱ्या घासाला आणखी मागावी अशी.

सोमवार : आकल, आणि आकाशातल्या तारा

बाडमेर ते जैसलमेर दीडशेच्या वर किलोमीटर. जैसलमेरच्या अलीकडे सतराएक किलोमीटरवर आकल इथे दगड झालेल्या झाडांचं उद्यान आहे. एकवीस हेक्टरचा उघडा-बोडका उतार, त्यावर जाळीचे पिंजरे आणि वर पत्रा. पिंजऱ्यात काय, तर ओंडके. हात लावला तर दगड. अठरा कोटी वर्षांपूर्वी इथे उबदार, दमट हवा आणि दाट जंगल होतं. ती झाडं गाडली गेली, लाकडाच्या कणाकणाची जागा खनिजांनी घेतली. सर्वांत मोठं खोड तेरा मीटरहून लांब आहे. साल, गाठी, आतले पदर, सगळं दिसतं. बहुतेक गाड्या या फाट्यावरून सरळ जैसलमेरच्या किल्ल्याकडे जातात. तसं करू नका, अर्धा तास तरी काढा.

आकलच्या आधीपासूनच एक गोष्ट डोळ्यांत भरत होती. देवीकोटच्या आसपास क्षितिजावर पवनचक्क्या सुरू होतात आणि मग संपतच नाहीत. मधल्या जमिनीवर सौर पट्ट्यांची निळी शेतं. आणि या सगळ्याला जोडणाऱ्या उच्चदाबाच्या तारा, एकावर एक, रस्त्याला समांतर आणि रस्त्याला आडव्या.

माळढोकाचा सगळ्यात मोठा शत्रू आज या तारा आहेत. नर पंधरा किलोपर्यंत भरतो, उडणाऱ्या पक्ष्यांत जगातल्या सर्वांत जड जातींपैकी ही एक. डोळे डोक्याच्या बाजूंना. जमिनीवर चालताना चहूकडचा धोका दिसावा म्हणून ही रचना उत्तम, पण उडताना नाकासमोरचं त्याला फार कमी दिसतं. तार दिसते तेव्हा ती अगदी जवळ आलेली असते आणि एवढं जड अंग झटकन वळवता येत नाही. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने २०२० मध्ये अंदाज मांडला होता, की उद्यान आणि आसपासच्या सुमारे ४,२०० चौरस किलोमीटरमध्ये वेगवेगळ्या जातींचे मिळून वर्षाला ८४,००० पक्षी तारांना धडकून मरत असावेत. माळढोक उरलेत दीडशेच्या आसपास. त्यातला एक गेला तरी केवढं नुकसान, त्याचा हिशेब करायला आकडेमोड लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये या भागातल्या तारा शक्य तिथे जमिनीखालून न्यायला सांगितलं, आणि बाकी ठिकाणी पक्ष्यांना तार दिसावी म्हणून चकत्या लावायला. मार्च २०२४ मध्ये तो आदेश बदलला आणि कुठे काय शक्य आहे ते ठरवण्याचं काम तज्ज्ञ समितीकडे गेलं. काही तारांवर या चकत्या भिरभिरताना दिसल्या. पुष्कळ तारांवर दिसल्या नाहीत.

मी सौरऊर्जेच्या विरोधात नाही. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पट्ट्या बसवायला पुढाकार घेतलेल्यांपैकी मी एक आहे. पण वीज स्वच्छ म्हणायची तर ती नेणाऱ्या तारेचा मार्गही स्वच्छ हवा, आणि त्यासाठी लागणारा जादा खर्च वीज वापरणाऱ्या आपण सगळ्यांनी उचलायला हवा असं मला मनापासून वाटतं. जैसलमेर जिल्हा महाराष्ट्राच्या कुठल्याही जिल्ह्याहून कितीतरी मोठा आहे. माळढोक नांदतो त्या पट्ट्यातूनच तार न्यायची, अशी सक्ती कुणी केलेली नाही.

जैसलमेरात वनविभागाच्या कार्यालयात जाऊन परवान्याचं काम उरकलं आणि सूर्यास्ताला समला पोचलो. समची वाळू सुंदर आहे, पण तिथे उंट, जीपा, तंबू आणि ध्वनिक्षेपकांची एकच गर्दी उसळलेली असते. आम्ही तिथे रेंगाळलो नाही. पुढच्या एका ढाणीत, म्हणजे छोट्या वस्तीत, शेणा-मातीने सारवलेल्या गोल खोल्यांच्या घरात राहायची सोय केली होती. रात्री अंगणात शेकोटीजवळ बसलो तरी दूरवरचं ढोलकं ऐकू येत होतं. माळढोकालाही ते ऐकू येत असणार.

मंगळवार : सुदासरी

साडेसहाला निघालो तेव्हा गाडीच्या पडद्यावर ६ अंश होते. बाबांना दोन स्वेटर आणि कानटोपी. वाटाड्या तिथल्याच ढाणीतला, पंचविशीचा. घरच्या शेळ्या-मेंढ्या राखत मोठा झालेला आणि आता पर्यटकांना पक्षी दाखवणारा.

वाळवंट राष्ट्रीय उद्यान १९८० च्या सुमाराला जाहीर झालं. जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत मिळून ३,१६२ चौरस किलोमीटर. नाव राष्ट्रीय उद्यान असलं तरी कायद्याने ते अभयारण्य आहे, आत गावं आहेत, ढाण्या आहेत, गुरं चरतात. एवढ्या सगळ्या जागेवर कडक बंदोबस्त शक्यच नाही, म्हणून काही तुकड्यांना कुंपण घालून तिथे चराई बंद केली आहे. सुदासरी हा त्यातला सर्वांत महत्त्वाचा तुकडा.

उजाडलं आणि समोरचं दिसू लागलं. वाळूच्या टेकड्या नव्हत्या. गुडघाभर, कुठे मांडीभर उंचीचं पिवळं गवत, झुबक्याझुबक्याने, नजर पोचेल तिथपर्यंत. अधूनमधून केरची काटेरी झुडपं, फोग, एखादी खेजडी. जमीन हलकेच चढत-उतरत गेलेली. बाबा काही वेळ नुसते बघत राहिले आणि म्हणाले, "ह्याला वाळवंट काय म्हणायचं गं? हे तर आपलं नान्नजचं रान की."

आणि तसंच होतं ते. गवताची जात वेगळी, माती वेगळी, पाऊस तर आमच्याकडच्यापेक्षा कितीतरी कमी, वर्षाला जेमतेम दीडशे-दोनशे मिलिमीटर. पण माळ तोच. इथलं गवत सेवण नावाचं. मुळं खोल जातात, वाळू धरून ठेवतात, वर्षानुवर्षं एकच झुबका जगतो. दुष्काळात वरून वाळून जातो आणि एका पावसात पुन्हा हिरवा होतो. गुरांना याच्यासारखा चारा नाही. माळढोक अंडं घालतो ते याच झुबक्यांच्या मधल्या उघड्या जमिनीवर. घरटं असं नाहीच. वर्षाला बहुधा एकच अंडं.

"एकच का?" लेकीने विचारलं.

वाटाड्या म्हणाला, "एकाला नीट मोठं करायचं तर एवढंच पुरे होतं. पण मग त्या एकाला कुत्र्याने नेता कामा नये." कोल्हे, खोकड, घोरपडी अंडी खायच्याच, त्या पूर्वीपासून आहेत. भटकी कुत्री गेल्या काही दशकांत बेसुमार वाढली. कुंपण आहे ते त्यांच्यासाठीही.

चिंकारा लगेच दिसले, दोन-दोन, तीन-तीनच्या टोळक्यांनी. एक खोकड बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसलं होतं, शेपटीचं टोक पांढरं. ही वाळवंटी जात, आपल्याकडच्या खोकडाची चुलत भावंडं. आपल्याकडच्यांचं शेपटाचं टोक काळं असतं. धाविक पक्षी दोन पावलं पळून थांबत होते, पुन्हा पळत होते. वाळूच्या रंगाचे असे, की थांबले की नाहीसे होत. नऊच्या सुमाराला पाणवठ्यावर पखुर्ड्यांचे थवे उतरू लागले. पिलांच्या दिवसांत यांचे नर पोटाची पिसं पाण्यात भिजवतात आणि ते पाणी मैलोन्‌मैल उडत पिलांपर्यंत नेतात. पिलं ती पिसं चोखतात. हे मी वाचलं होतं. ज्या पाण्यावर ते घडतं तिथे उभं राहून ते आठवणं निराळंच होतं. डोक्यावर उंच गिधाडं घिरट्या घालत होती. सांड्याच्या बिळांजवळ एक गरुड जमिनीवरच उभा. सांडा म्हणजे काटेरी शेपटीचा शाकाहारी सरडा, या माळावरच्या शिकारी पक्ष्यांचं मोठं खाद्य. त्याच्या तेलाच्या खोट्या ख्यातीपायी माणसांनी त्याचाही फडशा पाडला आहे.

दहा वाजून गेले होते. वाटाड्या बोलता-बोलता थांबला आणि दुर्बीण न काढताच म्हणाला, "गोडावण."

गोडावण म्हणजे इथल्या बोलीत माळढोक. आम्हाला काही दिसेना. त्याने खेजडीचं झाड धरून उजवीकडे किती बोटं जायचं ते सांगितलं. तीन-चारशे मीटरवर, गवताच्या वर, एक पांढरी मान. मग दुसरी. दोन माद्या. सावकाश, प्रत्येक पाऊल मोजून टाकत चालल्या होत्या. मान ताठ, चोच किंचित वर. मधूनच एकीने झटकन मान खाली घातली, काहीतरी उचललं, आणि पुन्हा तीच चाल. पाठ तपकिरी, गवतात मिसळून जाणारी. डोक्यावर काळी टोपी.

बाबांच्या हाती दुर्बीण दिली. त्यांचे हात थंडीने की कशाने थरथरत होते, नवऱ्याने खालून आधार दिला. बराच वेळ त्यांनी दुर्बीण सोडली नाही. मग म्हणाले, "नर आहे मागे." आणि खरंच, माद्यांच्या मागे एका उंचवट्याआडून तो वर आला. माद्यांच्या जवळपास दीडपट. मान लख्ख पांढरी, छातीवर काळा पट्टा. मीटरभर उंचीचा हा पक्षी गवतात चालताना एखाद्या जबाबदार माणसासारखा दिसतो. वाटाड्याला दिसायच्या आधी नर बाबांना दिसला होता, आणि वाटाड्याने ते मोकळेपणाने कबूल केलं. "बाबूजी, आपने तो बहुत देखे हैं," तो म्हणाला. मग बाबा त्याला नान्नजबद्दल सांगत बसले, अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत. दुष्काळी भागासाठीच्या योजनेत माळाच्या काही तुकड्यांची चराई बंद केली, गवत परत आलं आणि माळढोक तिथे स्थिरावले. पुढे कालवे आले, ऊस आला, द्राक्षं आली, रस्ते आले. साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं अभयारण्य कागदावर होतं, त्यात गावंच्या गावं आणि लोकांची शेतं अडकली होती. लोक वैतागले, शेवटी क्षेत्र बाराशे चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. तोवर पक्षी गेले होते. लोकांचा राग पक्ष्यावर निघाला हे बाबांना अजून खुपतं.

"आमच्याकडेही कालवा आला," वाटाड्या म्हणाला. इंदिरा गांधी कालव्याचं पाणी जिथे पोचलं तिथे सेवण नांगरलं गेलं आणि मोहरी, जिरं आलं. शेतकऱ्याला दोष कसा द्यायचा? पण सरकारी कागदावर हा माळ पडीक म्हणून लागतो, आणि पडीक जमीन कुणालाही देता येते. कारखान्याला, सौर प्रकल्पाला, झाडं लावणाऱ्या मंडळींनाही. माळावर झाडं लावणं हेसुद्धा माळढोकाला घालवणंच आहे, हे नान्नजच्या आसपास आम्ही पाहिलेलं आहे. त्याला उघडं रान लागतं.

अर्ध्या तासाने नर उडाला. चार-पाच पावलं पळत गेला, पंख पसरले आणि संथ, जड झेप घेत गवतावरून फार उंच न जाता दूर निघून गेला. त्याच्या वाटेत त्या बाजूला तार नव्हती. मी आधी ते बघितलं आणि मग त्याच्याकडे बघितलं.

परतताना समजवळच्या प्रजनन केंद्राच्या बाहेरून आलो. पर्यटकांना आत जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे. २०१९ पासून इथे जंगलातली अंडी काळजीपूर्वक गोळा करून उबवतात, पिलं वाढवतात. दुसरं केंद्र रामदेवऱ्याला आहे. बंदिस्त जागेत वाढलेल्या पक्ष्यांनी पुढे स्वतः अंडी घातली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून या जातीचं पहिलं पिलू जन्मलं. या कामाचा मला फार अभिमान वाटतो. पण ही पिलं सोडायची तर सेवणाचं रान आणि मोकळं आकाश लागणार, आणि ते कुठल्याही केंद्रात उबवता येणार नाही.

बुधवार : देगरायची ओरण

ओरण म्हणजे आपल्या देवराईची बहीण. देवीच्या नावाने राखलेली जमीन, तिथलं झाड तोडायचं नाही, नांगर घालायचा नाही. गुरं, उंट चरायला मोकळीक. जैसलमेरच्या दक्षिणेकडे देगराय मातेची ओरण आहे. हजारो बिघ्यांचं माळरान, पाण्याचं तळं, केर-जाळीची झुडपं आणि उंटांचे कळप. तळ्याकाठी मंदिर. पिढ्यान्‌पिढ्या कुणी पगारी रखवालदार नव्हता, तरी ती राहिली.

आता तिच्यावरूनही तारा गेल्या आहेत. २०२० मध्ये इथे एक माळढोक तारेखाली मेलेला सापडला. गावकऱ्यांनी निवेदनं दिली, पदयात्रा काढल्या, ओरणीची सरकारदरबारी नोंद व्हावी म्हणून खेटे घातले. एक वयस्कर उंटपाळ भेटले. त्यांच्या बोलण्यात रडगाणं नव्हतं. ओरण गेली तर उंट कुठे चरणार, एवढा साधा प्रश्न त्यांनी विचारला. उंटपाळाची आणि माळढोकाची गरज अगदी एकच आहे, आणि मला वाटतं पक्षी वाचवण्याच्या कामात पहिला मान या लोकांचा हवा.

गुरुवार-शुक्रवार : खीचन

पोखरण, रामदेवरा करत फलोदीला आलो. फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदलं गेलं, देशातला उच्चांक. आम्हाला मात्र हुडहुडी भरली होती. जवळच्या खीचन गावात हिवाळ्यात हजारो कांड्या करकोचे उतरतात. मध्य आशिया, मंगोलियाच्या बाजूने हिमालय ओलांडून सप्टेंबरच्या आसपास येतात आणि मार्चपर्यंत राहतात. इथे त्यांना कुरजां म्हणतात.

सकाळी एका गच्चीवर बसायला मिळालं. खाली भिंत घातलेलं मोठं अंगण, चुग्गाघर. रात्रीच तिथे ज्वारी पसरून ठेवलेली असते. सूर्य वर आला तसे आकाशात थवे गोळा होऊ लागले, घिरट्या, आवाज, पुन्हा घिरट्या. पहिले दहा-बारा उतरले आणि मग सगळं अंगण राखाडी झालं. गावातले रतनलाल मालू कबुतरांना दाणे टाकायचे, तिथे काही करकोचे येऊ लागले, आणि त्या साध्या कामातून हे सगळं उभं राहिलं. गावाने धान्याची वर्गणी काढली, पक्ष्यांसाठी भिंत बांधली. जून २०२५ मध्ये खीचनला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

बाबांनी जाताना धान्याच्या वर्गणीत पैसे दिले आणि पावती जपून खिशात ठेवली. पुढे जोधपूर, उदयपूरमार्गे घरी.

जाणार असाल तर

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. एप्रिलनंतर ऊन सोसत नाही. माळढोकाचा वीणीचा हंगाम उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात असतो, तेव्हा त्याला एकट्याला सोडलेलंच बरं. सुदासरीसाठी परवाना जैसलमेरच्या वनविभागाच्या कार्यालयातून घ्यावा लागतो, तो आदल्या दिवशीच घ्या. जैसलमेर सोडताना पेट्रोल भरून घ्या आणि पाणी सोबत ठेवा. परदेशी सीमा जवळ असल्याने ओळखपत्र प्रत्येकाचं हवं. पक्षी लांबून दिसतो, त्यामुळे दुर्बीण असल्याशिवाय जाऊ नका, आणि फोटोसाठी गाडी माळात घालायला वाटाड्याला कधीही सांगू नका. वाटाड्या मात्र तिथल्याच ढाणीतला घ्या. गोडावणावर त्याच्या घरची चूल पेटली, तर त्याच्या माळावरचं गवतही राहील.